टेकडीवरचा आकडा

"तुम्ही नोकरीला कुठे होतात?" असं कुणी विचारलं की मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. नोकरी म्हणावी अशी मी थोडीच वर्षं केली, ठाण्याच्या एका कारखान्यात. लग्नानंतर रत्नागिरीला आले आणि पुढची सगळी वर्षं माळनाक्याजवळच्या एका गाळ्यात, सोल्डरिंगच्या धुरात गेली. दारावर पाटी होती, 'इलेक्ट्रॉनिक कंट्रोल्स'. लोक रेडिओ घेऊन यायचे. मी रेडिओ दुरुस्त करत नाही म्हटलं की थोडं थांबून विचारायचे, "मग साहेब कधी येतील?"

साहेब मीच होते. जोडीला गोविंद मेस्त्री. पत्रा, लोखंड, लाकूड, काहीही त्यांच्या हातात द्या, दुसऱ्या दिवशी त्याची पेटी होऊन यायची. विजेला मात्र ते घाबरत. तार दिसली की हात मागे बांधून उभे राहत.

ठाण्याच्या कारखान्यात आम्ही छपाईची यंत्रं बनवायचो. त्यांतल्या छोट्या हातोड्या चालवायला एक चिप असायची. सिरीयल इनपुट लॅच्ड ड्रायव्हर. नाव लांबलचक आणि वस्तू खजुराएवढी, काळी, दोन्ही बाजूंना पाय असलेली. माहेराहून येताना मुली साड्या आणतात, मी या चिपची माहिती घेऊन आले. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात ती दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

ती काय करते ते सांगते. आठ जण पंगतीला ओळीने बसलेत असं समजा. वाढपी एकच आणि तो पहिल्या पानाशीच उभा. तो पहिल्याच्या हातात एक वाटी देतो, भरलेली किंवा रिकामी. दुसरी वाटी आली की पहिली शेजाऱ्याकडे सरकते. अशा आठ वाट्या झाल्या की प्रत्येकासमोर आपापली वाटी पोचलेली असते, पण अजून कुणी जेवत नाही. यजमानांनी हात जोडले की सगळे एकदम सुरू. भरली वाटी मिळाली त्याचा दिवा लागतो, रिकामी मिळाली त्याचा विझतो. आणि यजमान पुन्हा हात जोडेपर्यंत तो दिवा तसाच राहतो, मग मागे वाट्या कितीही सरकोत. वाट्या देणारी एक तार, त्या सरकवणारी दुसरी, यजमानाची तिसरी आणि सगळ्यांची मिळून सामाईक चौथी. एवढ्यात आठ दिवे. दिवे वाढवायचे तर दुसरी चिप पहिलीच्या शेपटाला जोडायची. तारा तेवढ्याच.

शिवाय तिचा हात दांडगा. हिशेब करणाऱ्या इतर चिपांना एक साधा बल्ब लावायला सांगितलं तर त्या जळून जातात. ही मात्र पन्नास व्होल्ट आणि अर्धा अँपिअर निमूटपणे ओढते.

या चिपवर मी रत्नागिरीत केलेलं पहिलं काम म्हणजे माकडं पळवण्याचं यंत्र. नाटे गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आप्पा नावाचे एक बागायतदार होते. त्यांच्या कलमांवर माकडं फार. मी आठ कलमांवर आठ रिकामे डबे टांगले, प्रत्येकाला विजेची हातोडी लावली आणि दर वेळी वेगळ्या क्रमाने ते वाजतील अशी सोय केली. चार दिवस माकडं फिरकली नाहीत. आप्पांनी गावभर सांगितलं. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि बोट वर केलं. एक दांडगा हुप्प्या डब्यावर बसून दुसरे डबे कुठे वाजतात ते बघत होता.

"तो आता मोजतो," आप्पा म्हणाले. "तुमचं यंत्र चुकलं तर त्याला कळेल."

यंत्र फुकट गेलं, पण त्याची कीर्ती सड्यावरून खाली बंदरापर्यंत पोचली. बंदर नाट्याच्या बाजूचं, छोटं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी अझीझभाई एक दिवस गाळ्यात आले. स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी, बोलणं हळू.

"ताई, तुमचे आठ डबे चार तारांवर वाजतात असं आप्पा बोल्ले. खरं काय?"

"खरं. पण माकडं घाबरत नाहीत."

"आमाला कोणाला घाबरवायचं नाय. आमाला टेकडीवर आकडा दाखवायचाय."

त्यांची अडचण अशी. बंदर खाडीच्या आत. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा. भरतीला त्यावरून होडी सहज येते, ओहोटीला तळ टेकतो. टेकला आणि मागून लाट आली की होडी आडवी होते. दांड्यावर सात फूट पाणी असेल तर आत यायचं, नाहीतर बाहेर टेकडीच्या आडोशाला थांबायचं. पाणी किती ते धक्क्यावरच्या खांबाच्या खुणांवरून कळे, पण ते समुद्रातल्या माणसाला कळवायचं कसं? टेकडीवर एक काठी होती. पाणी पुरेसं असलं की एक गडी जाऊन तिच्यावर पांढरं निशाण चढवायचा, कमी झालं की उतरवायचा.

"आता गडी मिळत नाय," अझीझभाई म्हणाले. एवढंच म्हणाले.

मी काम घेतलं. सोसायटीचं ऑफिस धक्क्याजवळ, तिथून टेकडीच्या माथ्यापर्यंत माडांच्या कडेकडेने टेलिफोनची जाड केबल. माथ्यावर पुरुषभर उंचीचा एकच आकडा, ट्रकच्या पार्किंगच्या बल्बांचा, समुद्राकडे तोंड करून. वीज तिथेच ठेवलेल्या बॅटरीची. शून्य ते नऊ. नऊ म्हणजे नऊ किंवा जास्त. ऑफिसात एक चाक, त्यावर आकडा लावायचा आणि बटण दाबायचं. आकड्याच्या सात रेघा, दर रेघेत तीन बल्ब आणि प्रत्येक बल्बाला चिपचा स्वतंत्र पाय. तीन चिपांत काम झालं.

झालं असं मला वाटलं. गाळ्यात पहिल्यांदा आठाचा आकडा लावला, म्हणजे सगळे बल्ब एकदम. क्षणभर झकास उजेड पडला आणि तिन्ही चिपांतून धूर निघाला. गोविंद मेस्त्री दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

"आता हो?" बाहेरूनच त्यांनी विचारलं.

दोन दिवस माझं डोकं चालेना. बल्ब मोजून मापून घेतले होते, पाव अँपिअरसुद्धा खात नव्हते. मग लक्षात आलं की ते तापलेल्या बल्बाचं माप. बल्बाची तार गार असते तेव्हा ती पहिल्या क्षणी दहापट वीज ओढते. तापली की शहाणी होते. कारखान्यात आम्ही हातोड्या चालवायचो, बल्ब नाही, म्हणून हा धडा राहिला होता. उपाय सोपा होता. विझलेल्या बल्बालाही अगदी किंचित वीज देत राहायचं, तार कोमट ठेवायची. दिवसा डोळ्याला काही दिसत नाही, पण पुढे लावताना झटका बसत नाही. त्यानंतर त्या बोर्डावर माझी एकही चिप जळली नाही. हे मी आजही मान वर करून सांगते.

खरा तंटा पुढे झाला. सोसायटीचे चेअरमन रघुनाथ तांडेल यांच्याशी. साठीचे, रुंद खांद्यांचे, स्वतः होडी घेऊन जाणारे. त्यांना बोर्ड आवडला होता. मी म्हटलं, केबलमधून आणखी एक तार परत ऑफिसात आणायची आहे.

"ती कशाला?"

"ऑफिसातून बोर्ड दिसत नाही. तो समुद्राकडे तोंड करून. अझीझभाईंनी पाठवलेला आकडा वर पोचला की नाही हे त्यांना कळणार कसं? शेवटच्या चिपच्या शेपटातून जे बाहेर पडतं ते आपण परत खाली आणू. पाठवलं तेच परत आलं तर हिरवा दिवा, नाहीतर लाल."

"बरं. आणा."

"आणि दर पंधरा मिनिटांनी बटण दाबायचं. तोच आकडा असला तरी. पंधरा मिनिटांत खालून काही आलं नाही तर बोर्ड आपोआप विझेल."

तांडेल खुर्चीतून उठले. "विजल? माजी माणसं दर्यात आन् बोर्ड काळा? तुमीच बोल्लात ना, ही चिप शेवटचा आकडा धरून ठेवते म्हणून? मग धरू दे की! काळोखापरीस जुना आकडा बरा."

"जुना आकडा खोटा असू शकतो."

"आन् मी?" अझीझभाई मधेच म्हणाले. "मी नमाजला कधी जाऊ? जेवू कधी?"

"पंधरा मिनिटांत जेवण होतं," मी म्हटलं.

"तुमी आमच्याकडची मासळी खाल्ली नाय, ताई. काटे काढायला येळ लागतो."

तांडेल हसले नाहीत. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, धरून ठेवणं हाच या वस्तूचा गुण आणि तोच तुम्ही मारताय. एका परीने त्यांचं बरोबर होतं. चिप आज्ञाधारक असते, शेवटची आज्ञा मरेपर्यंत पाळते. आज्ञा देणारा तिकडे आहे की नाही हे मात्र ती बघत नाही.

गावात ये-जा करताना एक गोष्ट माझ्या कानावर आली होती. आदल्या वर्षी याच दांड्यावर तांडेलांची होडी आडवी झाली होती आणि त्यांचा एक खलाशी गेला होता. हे बोलावं की नाही ते मला कळेना. शेवटी बोलले.

"तांडेल, त्या दिवशी निशाण कुठे होतं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. अझीझभाईंनी मान खाली घातली.

"वर," तांडेल म्हणाले. "वरच होतं. गडी चढवून घरी गेलेला."

ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि पाठ करूनच म्हणाले, "करा काय ते. आन् काळा बोर्ड म्हंजे आत यायचं नाय, भायेर थांबायचं, असं सगळ्या होड्यांना सांगतंव मी."

अझीझभाई मला म्हणाले, "बसतो मी, दाबतो बटण. खुर्ची तेवढी चांगली द्या."

गोविंद मेस्त्रींनी त्यांना फणसाच्या लाकडाची खुर्ची करून दिली. कुणी न सांगता.

बोर्ड हंगामभर चालला. मेच्या अखेरीस, होड्या ओढून ठेवायच्या आधी, पावसात बल्ब खराब होऊ नयेत म्हणून आम्ही दोघं तो उतरवायला सकाळच्या एसटीने गेलो. शेवटच्या फेरीच्या होड्या अजून बाहेर होत्या, तांडेलांचीही. दुपारी जेवून उठलो तो आभाळ एकदम खाली आलं आणि वारा सुटला. माड वाकायला लागले.

"आज हात नका लावू बोर्डाला," अझीझभाई म्हणाले. "सगळे आता परत फिरतील."

ओहोटी लागलेली होती. बोर्डावर सात होता. अझीझभाईंनी खांब बघितला, चाकावर सहा लावला, बटण दाबलं. लाल दिवा. पुन्हा दाबलं. लाल. मी बाहेर धावले. थोड्याच अंतरावर एक माड मोडून केबलवर पडला होता, आणि केबलची दोन टोकं वाऱ्यावर फडफडत होती.

म्हणजे खाली पाणी उतरत होतं आणि वर साताचा आकडा समुद्राला खुशाल "या, या" म्हणत होता. फार तर पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं मी ठरवली होती, आणि त्या क्षणी मला वाटलं, पाच का नाही ठरवली!

केबल जोडायला वेळ नव्हता. मी अवजारांची पिशवी उचलली. "मेस्त्री, वर चला." जांभ्याच्या पायऱ्या चढताना वारा पदर धरून मागे ओढत होता. पदर खोचला आणि धावले. गोविंद मेस्त्रींना मी वाटेत, जिथून ऑफिसही दिसतं आणि माथाही, तिथे थांबवलं. वाऱ्यात हाक पोचणार नव्हती.

"अझीझभाई बोटांनी किती फूट ते दाखवतील. तुम्ही मला तेवढीच बोटं दाखवायची."

"तारेला हात लावायचा नाही ना?"

"नाही हो!"

माथ्यावर पोचले तेव्हा बोर्ड विझलेला होता. इतका आनंद मला दिवा लागल्याचाही कधी झाला नव्हता. समुद्र राखाडी, लाटांची डोकी पांढरी. आमच्या बंदराच्या होड्या दांड्यासमोर येऊन वळत होत्या आणि एकामागून एक टेकडीच्या आडोशाला जात होत्या. विझलेल्या बोर्डाचा अर्थ त्यांनी ऐकला होता आणि पाळला होता.

एक होडी मात्र वळेना. निळ्या रंगाची, आमच्या बंदरातली नव्हे. दुसरीकडची, वाऱ्याने इकडे आसऱ्याला आलेली. तिच्या माणसांनी लांबून सात बघितला असेल. विझलेला बोर्ड म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. ती सरळ दांड्याच्या रोखाने येत होती. मी ओरडले. त्याचा काही उपयोग नव्हता हे माहीत असूनही ओरडले.

तेवढ्यात आडोशातून एक होडी बाहेर पडली. लाल पट्ट्याची, तांडेलांची. ती लाटा अंगावर घेत तिरकी निघाली आणि निळ्या होडीच्या पुढ्यात आडवी गेली. आता आदळतात असं मला वाटलं. तांडेल उभे राहून दोन्ही हात हलवत होते. निळी होडी अगदी जवळ येऊन कलली, पाण्याने भरल्यासारखी दिसली आणि मग हळूहळू फिरली. दोघी बरोबरीने आडोशाला गेल्या.

खाली वळून बघितलं तर गोविंद मेस्त्री एक हात उंच धरून उभे. पाच बोटं.

मी बोर्डामागची पेटी उघडली. तपासणीसाठी तिच्यात मी हातबटणं ठेवली होती. वाटी भरलेली की रिकामी ते सांगणारं एक, वाटी सरकवणारं दुसरं आणि यजमानाचं तिसरं. या चिपला घाई नसते. यंत्राने भराभर सांगितलं तरी ऐकते आणि बाईने एकेक करून सांगितलं तरी तितक्याच शांतपणे थांबते. मी मोठ्याने बोलत, एकेका बल्बाची वाटी पुढे सरकवत गेले. भरलेली, भरलेली, रिकामी. एक चुकली, पुन्हा पहिल्यापासून. समुद्राला त्यातलं काही दिसत नव्हतं, कारण यजमानाने हात जोडलेले नव्हते. सगळ्या वाट्या पोचल्याची खात्री झाल्यावर मी शेवटचं बटण दाबलं. बोर्डाची पुढची बाजू उजळली. पाच.

आडोशातल्या होड्यांवरून कुणीतरी हात वर केला.

पुढे ओहोटी संपून पाणी चढेपर्यंत मी तिथेच बसून होते. पंधरा मिनिटं होत आली की मेस्त्रींकडे बघायचं आणि आकडा भरायचा. पाच, चार, पुन्हा चार, पाच. मेस्त्रींनी एकदाही हात खाली ठेवला नाही. एक दुखला की दुसरा. सहा झाले तेव्हा त्यांना दोन्ही हात लागले. संध्याकाळच्या आत सात झाले आणि होड्या एकेक करून आत आल्या. निळी होडी तांडेलांच्या पाठोपाठ.

मी खाली उतरले तेव्हा धक्क्यावर गर्दी होती. तांडेल नखशिखांत भिजलेले, चहाचा पेला धरून बसले होते. निळ्या होडीचा मालक, तिशीचा माणूस, त्यांच्या समोर उभा होता.

"काय ओरडलात तुम्ही त्यांना?" मी तांडेलांना विचारलं.

"काय वरडणार? बोल्लो, आकडा नाय म्हंजे पानी नाय! माघारी फिर!" ते चहा प्यायले. मग म्हणाले, "ताई, ह्ये आमच्या गावाला ठाव. बाकीच्यांना कोण सांगनार?"

ते त्यांनी स्वतःच सांगितलं. पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात लोटल्यावर तांडेल आणि अझीझभाई आपली होडी घेऊन आसपासच्या प्रत्येक बंदरात गेले आणि तिथल्या माणसांना बोर्डाचा अर्थ समजावून आले. अझीझभाई बाहेर असताना बटण सोसायटीतलं दुसरं कुणीतरी दाबायचं. "ज्यांनी केला त्यांनीच सांगावा," असं म्हणून तांडेलांनी मलाही एक दिवस होडीत बसवलं. मला समुद्र लागतो हे त्या दिवशी कळलं. जाताना मी डोळे मिटूनच बसले होते. बंदरावर उतरून बोलायची वेळ आली की मात्र उभी राहून नीट सांगायची, आणि लोक ऐकायचे. "ही बाई?" असं एकदोघांनी विचारलं. "हीच," तांडेल म्हणायचे.

नंतर वायरलेस आले, दांडा उपसला गेला आणि बोर्ड उतरला. त्याची कुणाला गरज राहिली नाही ही चांगलीच गोष्ट आहे, तरी टेकडीवर उरलेला बोर्डाच्या खांबाचा बुंधा बघताना मला थोडं वाईट वाटतं. त्या चिपलाही आता कुणी विचारत नाही.

पण बंदरांना सांगायला गेलो होतो त्या दिवशी परत येताना खाडीच्या तोंडाशी तांडेलांनी इंजिन मंद केलं आणि म्हणाले, "ताई, डोळे उघडा. तुमचा बोर्ड बघा."

तोवर मी तो नेहमी मागून किंवा अगदी जवळून बघितलेला. ज्यांच्यासाठी केला त्यांच्या जागेवरून पहिल्यांदाच बघत होते. काळ्याभोर टेकडीवर पिवळा, ठसठशीत नऊ. मी काहीतरी बोलावं अशी सगळे वाट बघत असावेत.

"खालच्या रेघेतला मधला बल्ब गेलाय," मी म्हटलं. "उद्या बदलायला हवा."

अझीझभाईंनी कपाळावर हात मारला. तांडेल इतके हसले की सुकाणूवरचा त्यांचा हात सुटला आणि होडी पुरती फिरली. ती सरळ होईपर्यंत मी वळून तो बल्बच शोधत होते. नवीन बल्ब पिशवीत होता. पोचल्यावर आधी टेकडी चढायची, मग घर, असं मी ठरवून टाकलं.